आपल्याच भाषेंतील परका

वंशभेद हा शब्द उच्चारतांच आपल्यांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें दूरचे देश उभे राहतात. अमेरिकेंतील कापसाचे मळे, दक्षिण आफ्रिकेंत गोऱ्यांसाठीं राखून ठेवलेलीं बांकें, जर्मनींतील छळछावण्या. या विषयावर मराठींत झालेलें बरेंचसें लेखन याच चित्रांवर पोसलेलें आहे. तें वाचतांना आपल्याला संताप येतो, आणि हें पाप दुसऱ्याचें आहे असें एक समाधानही त्या संतापांत मिसळलेलें असतें. त्या समाधानाची थोडी तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. बेळगांवाहून खानापूरच्या वाटेनें निघून हल्याळच्या सरहद्दीला लागलेल्या रानांत शिरलें तरी पुरे.

या रानांत, आणि पुढें हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या उत्तर कन्नडच्या तालुक्यांत, सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आले. कोणी अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून दख्खनच्या सुलतानांच्या फौजेंत आले. पुष्कळसे पोर्तुगीजांनीं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गोव्याच्या बाजारांत आणले. डच प्रवासी लिन्स्कोटन १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यांत होता. त्याच्या १५९६ सालच्या ग्रंथांत शहराच्या मुख्य रस्त्यावर चालणाऱ्या माणसांच्या विक्रीचें वर्णन आहे. पोर्तुगालनें आपल्या वसाहतींतील गुलामगिरी कायद्यानें रद्द ठरविली ती १८६९ सालीं. या तीन शतकांत संधि सांपडेल तसे जे घाट चढून पळाले, त्यांचे वंशज आज या रानांत राहतात. त्यांच्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. हिंदू व ख्रिस्ती सिद्दींच्या घरांत बोलली जाणारी भाषा कोंकणी आहे. कोठें मराठी, कोठें कन्नड, मुसलमान घरांत उर्दूही चालते. परंतु आफ्रिकेंतील कोणतीही भाषा आज त्यांच्या चुलीपाशीं उरलेली नाहीं. जी उरली आहे ती आपली भाषा आहे.

सीमाभागांत राहणाऱ्या माणसाला भाषेचें महत्त्व सांगावयास नको. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाल्यापासून निपाणी, बेळगांव आणि खानापूर येथील प्रत्येक घरानें भाषेच्या हिशेबांत भाग घेतलेला आहे. महाजन आयोगानें १९६७ च्या अहवालांत निपाणी, खानापूर आणि नंदगड महाराष्ट्राकडे द्यावीं व बेळगांव म्हैसूर राज्यांतच ठेवावें असें सुचविलें, तेव्हां गांवागांवांतून बोलणाऱ्यांची मोजदाद झाली. ज्याची भाषा आमची तो आमचा, हें त्या चळवळीचें मूळ सूत्र. हेंच सूत्र खानापूरच्या रानांतील सिद्दीला लावून पाहावें. तो आपली भाषा बोलतो. पिढ्यान् पिढ्या बोलत आला आहे. तरीही त्याला आपला म्हणण्यासाठीं आपली जीभ अडखळते. तेव्हां आपल्या अभिमानाच्या तळाशीं भाषा आहे, कीं भाषेच्या आड लपलेलें दुसरें कांहीं आहे, असा प्रश्न उभा राहतो. वंशभेदाचा प्रश्न आपल्या अंगणांत येतो तो असा.

प्रथम आपल्या शब्दांकडे पाहूं. काळ्या आफ्रिकी माणसासाठीं आपल्याकडे तीन शब्द रूढ आहेत. 'सिद्दी' हा अरबी 'सय्यिदी'पासून आलेला. त्याचा अर्थ 'माझे स्वामी'. 'हबशी' म्हणजे हबश देशचा, अॅबिसिनियाचा रहिवासी. आणि कोंकणींतला 'खाप्री' हा पोर्तुगीज 'काफ्र' शब्दावरून आलेला, त्याचें मूळ अरबी 'काफिर', म्हणजे श्रद्धाहीन. एकांत आदर आहे, एकांत निव्वळ देशाचें नांव आहे, एकांत परधर्माचा तिरस्कार आहे. तिन्हींपैकीं एकाही शब्दाच्या मुळांत कातडीच्या रंगाचा उल्लेख नाहीं. तरीही आज मराठी किंवा कोंकणी घरांत यांतील कोणताही शब्द निघाला, तर तो बहुधा काळ्या रंगाच्या मुलाला चिडविण्यासाठींच निघतो. शब्दांचें हें अधःपतन त्या शब्दांमुळें झालेलें नाहीं. तीं तोंडें वापरणाऱ्यांच्या मनांत रंगाची उतरंड बसली, म्हणून झालें आहे.

ही उतरंड अनादि आहे, असें मात्र नव्हे. दख्खनच्या इतिहासांत मलिक अंबर हा पुरुष होऊन गेला. तो १५४८ च्या सुमारास अॅबिसिनियांत जन्मला, बाजारोबाजार विकला गेला आणि अखेर निजामशाहीचा वजीर चंगीजखान याच्या पदरीं आला. हा चंगीजखानही मूळचा हबशी गुलामच होता. पुढें मलिक अंबर निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. खडकी शहर त्यानें वसविलें. तेंच पुढें औरंगाबाद या नांवानें गाजलें. त्याची जमीनमहसुलाची पद्धत मराठी खेड्यांच्या दप्तरांत दीर्घकाळ नांवानिशीं राहिली. शहाजीराजे १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत त्याच्याच बाजूनें लढले. त्याच्या हाताखालीं वागण्यांत मराठा सरदारांना कमीपणा वाटला नाहीं. त्याच्या रंगाचा द्वेष दिसतो तो मोगलांच्या दरबारांत. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत अंबरचा उल्लेख त्याच्या काळ्या तोंडाचा उद्धार करूनच केला आहे, आणि प्रत्यक्षांत जें त्याला कधीं साधलें नाहीं तें अबुल हसन या चित्रकाराकडून कागदावर करवून घेतलें. त्या चित्रांत जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोंवलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. मलिक अंबर स्वतःच्या मृत्यूनें १६२६ सालीं वारला. पराभव करतां आला नाहीं कीं रंगाची निंदा सुरू होते, ही गोष्ट या एका चित्रांत जितकी स्पष्ट दिसते तितकी ग्रंथांतून क्वचित् दिसते.

आपल्या ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांनीं मात्र या बाबतींत नकळत जहांगिराची दृष्टि उचलली आहे. जंजिऱ्याचा सिद्दी हा स्वराज्याचा हाडवैरी होता, यांत शंका नाहीं. परंतु वैर राज्याचें होतें. आपल्या कथाकारांनीं तें रंगाचें केलें. मोगल सरदार कथेंत येतो तेव्हां त्याचा पोशाख, त्याचा डौल, त्याची भाषा वर्णिली जाते. हबशी येतो तेव्हां आधीं त्याचा काळेपणा येतो, मग जाड ओंठ, मग पांढरे डोळे, आणि क्रौर्य त्या वर्णनांतूनच सिद्ध झालेलें असतें. निराळा पुरावा लेखकाला लागत नाहीं. १६६० सालीं पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, हें शाळेंतल्या मुलाला पाठ असतें. तो वेढा फोडण्यासाठीं नेताजी पालकराबरोबर जे लढले त्यांत सिद्दी हिलाल होता, आणि त्याचा तरुण मुलगा त्या झुंजींत जखमी झाला, हें किती जणांना माहीत असतें? 'शिवभारता'नें ही नोंद ठेवली. आपल्या कथांनीं ती ठेवली नाहीं. कथेच्या सोयीसाठीं काळा माणूस एकाच बाजूला उभा करावा लागला, आणि दुसऱ्या बाजूचा काळा माणूस पुसून टाकावा लागला. वाङ्मयीन दृष्ट्याही हा मोठा दोष आहे, कारण ज्या पात्राचा स्वभाव त्याच्या कातडीवर लिहिलेला असतो त्याच्यासाठीं लेखक कधींच कष्ट घेत नाहीं.

आतां एका अधिक अवघड जागीं येऊं. या पत्रिकेच्या वाचकांच्या घरीं कुलदैवताच्या स्थलांतराची कथा सांगितली जात नाहीं असें घर विरळा. पोर्तुगीजांच्या छळामुळें १५६० सालीं कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला नेण्यांत आला; केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. देव पालखींत घालून रात्रीं नद्या ओलांडणारे आपले पूर्वज, घाट चढून कानडी मुलखांत आणि बेळगांवाकडे आलेलीं कुटुंबें, परमुलखांत टिकविलेली भाषा, या साऱ्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. जत्रेच्या दिवशीं हीच कथा कीर्तनांत येते, स्मरणिकेंत छापली जाते. परंतु त्याच गोव्यांतून, त्याच सत्तेच्या भीतीनें, त्याच घाटांनीं आणखी एक समाज पळून आला, आणि तोही तीच भाषा बरोबर घेऊन आला. त्याच्यापाशीं पालखी नव्हती. यल्लापूरकडील सातुंबैल येथें 'सिद्दीनास' या नांवानें पूर्वजांचें एक स्थान आहे; तेथें सर्व धर्मांचे सिद्दी जमतात. पळून आलेल्या माणसांनीं आपला देव परक्या रानांत पुन्हां स्थापिला, ही कथा आपल्याला अपरिचित वाटावी असें तींत कांहीं नाहीं. तरीही आपल्या एकाही स्मरणिकेंत ती शेजारीं छापलेली प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, गुलामांचा व्यापार पोर्तुगीजांनीं केला, त्याचें उत्तरदायित्व आपल्यावर कां? अंशतः हें खरें आहे. परंतु दीवच्या हिंदू वाण्यांचीं गलबतें कापड घेऊन मोझांबिकला जात आणि परतीच्या मालांत हस्तिदंताबरोबर माणसेंही असत, हें इतिहासाला ठाऊक आहे. घाटावर आलेल्या सिद्दींना सुपारीच्या बागांतून आणि शेतांतून कर्जापायीं पिढीजात राबावें लागलें, तेंही पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर. जो छळ सोसून आला त्याला दुसऱ्याच्या दुःखाची ओळख आपोआप पटते, असा समज असतो. इतिहास त्याला दुजोरा देत नाहीं.

ही ओळख कां पटली नाहीं, याचें एक उत्तर आपल्या कुलवृत्तान्तांत सांपडतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत मराठींत कुलवृत्तान्तांचें पीक आलें. गेर्सन द कुन्य यांनीं १८७७ सालीं मुंबईस छापविलेल्या 'सह्याद्रिखंडा'चा आधार घेऊन गोत्रें, कुळें आणि गांवें यांची जुळणी त्यांत केलेली असते, आणि तें काम पुष्कळदां मोठ्या कष्टाचें व उपयोगाचें आहे. परंतु गोत्रांची यादी संपली कीं अनेक ठिकाणीं एक परिच्छेद हटकून येतो: गौर वर्ण, सरळ नाक, घारे डोळे, अर्थात् आर्य रक्त. हा परिच्छेद पुराणांतला नाहीं. तो १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांच्याकडून आलेला आहे. नाकाची रुंदी जितकी अधिक तितका जातीचा दर्जा खालचा, असा सिद्धान्त रिस्लेसाहेबांनीं मांडला. गंमत अशी कीं त्यांनीं महाराष्ट्रांतील ब्राह्मणांना आणि कुणब्यांना एकाच 'शक-द्राविड' गटांत टाकलें होतें. आपल्या कुलवृत्तान्तकारांनीं रिस्लेचें माप घेतलें, निष्कर्ष मात्र गैरसोयीचा म्हणून सोडून दिला. १९०३ सालीं लोकमान्यांचा आर्यांच्या उत्तरध्रुवीय वसतिस्थानाचा ग्रंथ आला. त्याची विद्वत्ता आणि त्यामागची राष्ट्रीय प्रेरणा मान्य करूनही म्हणावें लागतें, कीं सामान्य वाचकानें त्यांतून ज्योतिर्गणित घेतलें नाहीं, गोरेपणा घेतला.

या मापाला आव्हान दिलें तें मराठी माणसांनींच, हें येथें आवर्जून नोंदविलें पाहिजे. गोविंद सदाशिव घुर्ये हे मालवणचे, सारस्वत कुळांतले. त्यांनीं १९३२ च्या आपल्या जाति व वंश यांवरील ग्रंथांत रिस्लेचे आंकडे पुन्हां तपासले आणि उत्तर हिंदुस्थानाबाहेर नाकाचें माप व जातीची पायरी यांचा मेळ बसत नाहीं, असें दाखविलें. घुर्ये यांचीं कांहीं मतें आज मान्य होणार नाहींत. परंतु ही तपासणी टिकली. त्याच सुमारास इरावतीबाई कर्वे बर्लिनला युगेन फिशर यांच्या हाताखालीं संशोधन करीत होत्या. गोऱ्या माणसाच्या कवटीची घडण इतरांहून वेगळी, म्हणून त्याची बुद्धि श्रेष्ठ, असें अनुमान गुरूंना हवें होतें. त्यासाठीं मोजावयाच्या कवट्यांत आफ्रिकेंतील जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. इरावतीबाईंनीं मापें घेतलीं आणि असा वांशिक भेद आढळत नाहीं, असें लिहून दिलें. फिशर पुढें नाझी राजवटींत बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या नकाराचें मोल कळतें. 'युगान्त'कार इरावतीबाई आपण वाचतों. कवट्यांपुढें बसून गुरूला नाहीं म्हणणाऱ्या इरावतीबाई आपल्या वाचनांत क्वचितच येतात.

घुर्ये यांचे आंकडे पुढें ज्यांच्या हातीं शस्त्र झाले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२५ च्या एप्रिलांत, म्हणजे बेळगांवला गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेस भरल्यानंतर चारच महिन्यांनीं, निपाणीस मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. तिचे अध्यक्ष आंबेडकर होते. पुढें १९४६ मध्यें शूद्रांविषयीं व १९४८ मध्यें अस्पृश्यांविषयीं त्यांनीं जे ग्रंथ लिहिले, त्यांत अस्पृश्यतेचें मूळ वंशांत आहे या मताचें खंडन केलें आहे. एका प्रांतांतील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचीं मापें शेजारीं ठेवून ते दाखवितात, कीं ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य आहे, आणि ब्राह्मण द्राविड असेल तर अस्पृश्यही द्राविड आहे. २००१ सालीं डर्बन येथें वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हां 'जात म्हणजे वंश नव्हे' हें वाक्य आपल्याकडील पुष्कळांनीं सुटकेचा निःश्वास टाकावा तसें उच्चारलें. आंबेडकरांच्या युक्तिवादाचा रोख नेमका उलटा आहे. भेद निसर्गानें केला असता तर माणसाला निमित्त मिळालें असतें. भेद निसर्गाचा नाहीं, म्हणून तो करणाऱ्याचें उत्तरदायित्व पूर्ण आहे. सिद्दीच्या बाबतींत हें निमित्तही आपल्याला मिळत नाहीं, कारण केस आणि रंग निराळे असले तरी त्यांवरून माणसाची योग्यता ठरते हें ठरविणारे आपणच आहों.

मराठी वाङ्मयानें काळ्या माणसाशीं नातें जोडलेंच नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ, निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केला. आंबेडकरांनीं १९४६ मध्यें अमेरिकेंतील निग्रो विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढें ठेवलेल्या निग्रोंच्या निवेदनाची चौकशी केली. १९७२ मध्यें मुंबईंत दलित पँथर निघाली ती अमेरिकेंतील ब्लॅक पँथरचें नांव घेऊन, आणि जनार्दन वाघमारे यांनीं अमेरिकन निग्रोंच्या साहित्य व संस्कृतीचा परिचय मराठींत करून दिला. हें ऋण मोठें आहे. परंतु या दीर्घ परंपरेनें हार्लेमपर्यंत दृष्टि पोंचविली आणि हल्याळपर्यंत पोंचविली नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे. दूरचा काळा माणूस आपल्याला प्रतीक म्हणून हवा होता. जवळचा काळा माणूस शेजारी म्हणून समोर येतो, आणि शेजाऱ्याचें प्रतीक करतां येत नाहीं.

वंशभेद नेहमीं निंदेच्याच रूपानें येतो असेंही नाहीं. १९८७ सालीं सरकारी क्रीडा प्राधिकरणानें सिद्दी मुलांना निवडून धावपटू बनविण्याची योजना आखली. आफ्रिकी रक्त म्हणजे धांवण्याची शक्ति, हा तिचा पाया. कमला सिद्दी यांच्यासारख्या खेळाडूंनीं नांव मिळविलें. योजना मात्र कांहीं वर्षांत गुंडाळली गेली आणि पुष्कळ मुलें परत रानांत आलीं. त्यांच्या पायांची परीक्षा झाली. त्यांना काय शिकावयाचें आहे हें विचारलें गेलें नाहीं. सरकारी यादीची कथाही अशीच. २००३ मध्यें सिद्दींना अनुसूचित जमातींत स्थान मिळालें तें केवळ उत्तर कन्नड जिल्ह्यापुरतें. हल्याळचा सिद्दी आदिवासी ठरला, आणि हद्दीपलीकडे खानापूरला राहणारा त्याचा सोयरा ठरला नाहीं. बेळगांव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचा समावेश होण्यास २०२० साल उजाडावें लागलें. सरहद्दीची रेघ माणसाच्या आयुष्याचें काय करते हें सीमाभागाला कोणी शिकवावयास नको. तरीही या सतरा वर्षांबद्दल आपल्या सभांतून ठराव झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

एक प्रसंग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एका देवस्थानाच्या उत्सवांत, महाप्रसादाच्या पंगतीपाशीं, एक सिद्दी बाई लहान मुलाला घेऊन उभी होती. व्यवस्था पाहणाऱ्या एका गृहस्थांनीं तिला अडखळत्या हिंदींत विचारलें, तुम्ही कोणत्या देशाच्या? तिनें शांतपणें कोंकणींत उत्तर दिलें, "बाब, आमी हांगाचींच." गृहस्थ हंसले, आणि शेजारच्यांना म्हणाले, पाहा, किती छान बोलते! तिला पान वाढण्यांत आलें. अपमान असा कोणी केला नाहीं. परंतु स्वतःची आईची भाषा बोलल्याबद्दल जिचें कौतुक होतें, तिला परकी ठरविण्याचें काम त्या कौतुकानेंच पुरें केलेलें असतें. प्रस्तुत लेखक तेथेंच उभा होता आणि इतरांबरोबर हंसला होता. आंत गाभाऱ्यांत काळ्या पाषाणाची मूर्ति होती. जिला आपण सांवळी म्हणून आळवितों, त्या रंगाची सून मात्र जाहिरात देऊन टाळतों, हा विचार त्या दिवशीं सुचला नाहीं; पुष्कळ दिवसांनीं सुचला.

टीकालेखानें उपदेश करूं नये, हा संकेत लेखकास मान्य आहे. तरी द्वैभाषिक पत्रिकेपुढें दोन गोष्टी ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं. सिद्दींच्या कोंकणींत गाणीं आहेत, दमामाच्या तालावर म्हटलीं जाणारीं आख्यानें आहेत. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून त्यांच्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना 'कवंदी' म्हणतात, आणि त्यांवर परदेशी पंडितांनीं लिहिलें आहे. कोंकणीच्या बोलींची चर्चा आपण कारवारी, मालवणी, बारदेशी, साष्टी अशी करतों. त्या यादींत सिद्दींची बोली आली पाहिजे, आणि ती सांगणारा सिद्दीच असला पाहिजे. २०२० सालीं शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधानपरिषदेंत गेले, गिरिजा सिद्दी रंगभूमीवर आल्या. सांगणारीं माणसें आहेत, आपल्या पानांवर जागा नव्हती. दुसरी गोष्ट देवस्थानांच्या स्मरणिकांची. पुढील उत्सवांत देवाच्या स्थलांतराची कथा छापतांना त्याच घाटांनीं आलेल्या दुसऱ्या समाजाचीही चार पानें त्यांत असावींत. तीं वाचून एखाद्या मुलानें पंगतींत शेजारीं बसलेल्या सिद्दी मुलाला कोंकणींतच पहिला प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न देशाविषयींचा नसला, तर या लेखाचें काम झालें.